त्र्याहत्तर हजारावा दिवस

“दुसऱ्या ताऱ्यावर जायची वेळ आली, तर तुमच्या शेजारच्या सीटवर मुलगी चालेल का?”

प्रश्न तिचा नव्हता. शेवटच्या रांगेत बसून शिडी आणि बटण या दोघींनी तो शिजवला होता. शिडी वर्गातली सगळ्यात उंच, बटण सगळ्यात बुटकी, आणि दोघींच्या मध्ये ती... भोंगा. गेल्या वर्षीपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मग शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करणारी मुलगी आयत्या वेळी तापानं आडवी झाली, बाईंनी हिला माईकपुढे ढकललं, आणि इतकी वर्षं गप्प बसलेल्या पोरीला शोध लागला की आपल्यालाही आवाज आहे. तेव्हापासून तिनं त्या आवाजाला सुट्टी दिली नव्हती.

“विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू,” बटण कुजबुजली होती. “नाही विचारलंस तर आजपासून तुझं भोंगा नाव बंद.”

इतक्या कष्टानं मिळवलेलं नाव असं कोण सोडेल?

तारांगणात सीट होत्या एकशेवीस, माणसं अकरा आणि बादली एक. रविवार होता, सकाळपासून झड लागली होती, आणि घुमटाच्या ज्या कोपऱ्यात मशीनचे सप्तर्षी उगवायचे तिथूनच नेमकी गळती होती. ठप्... ठप्. खेळ संपून दिवे लागले की आत्या विचारायची, “कुणाला काही शंका?” आत्या म्हणजे तिकिटं देणारी, निवेदन करणारी आणि शेवटी झाडूही मारणारी एकच बाई. सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. तीन वर्षांत आलेली एकमेव शंका म्हणजे ‘बाथरूम कुठे आहे?’

शंकांना उत्तरं द्यायचं काम तिच्या भाच्याचं. मधोमध मशीनपाशी बसणारा, लांब मानेचा, भोंग्याहून जेमतेम वर्षानं मोठा. त्यानं खटका दाबला की दिवे जायचे, म्हणून मुलींनी त्याचं नाव ठेवलं होतं ग्रहण.

शिडीनं तोंडात रुमाल कोंबला. ग्रहण मात्र हसला नाही. परीक्षेत आलेला प्रश्न असावा तसा तो विचार करत राहिला.

“सीटचा प्रश्नच येत नाही,” तो म्हणाला. “सगळ्यात जवळचा तारा धरला, आजच्या कुठल्याही यानापेक्षा खूप वेगानं निघालो, तरी चारशे वर्षं लागतील. मी वाटेतच मरणार. शेजारचीही मरणार.”

“अरेरे. मग पोचणार कोण?”

“आमची मुलं. म्हणजे... त्यांच्या मुलांची मुलं, त्यांची मुलं. सोळा पिढ्या जातील. त्यामुळे मुलगी चालेल का असं नाही. मुलगी लागेलच.”

अकरा माणसं हसली. आपण काय बोलून बसलो ते त्याला हसणं ऐकल्यावर कळलं, आणि त्याचे कान मशीनच्या लाल दिव्यासारखे पेटले. चिडवायला आलेली भोंगा पटकन खाली बसली.

ठप्, बादली म्हणाली.

पाऊस थांबेना, म्हणून मुली बाहेरच्या खोलीत अडकल्या. तिथे भिंतभर फळ्या होत्या, आणि फळ्यांवर एकसारख्या जाड वह्या, पाठीवर आकडे चिकटवलेल्या. एक ते एकशे सेहेचाळीस.

“हे काय, हजेरी?” भोंग्यानं विचारलं.

“प्रवासाच्या वह्या.” ग्रहण दारात उभा होता. “चारशे वर्षं म्हणजे एक लाख सेहेचाळीस हजार दिवस. एका वहीत हजार दिवस. येणाऱ्या प्रत्येकानं एक दिवस घ्यायचा आणि त्या दिवशी यानावर काय झालं ते लिहायचं. चार ओळी, बास.”

“पण यान कुठाय?”

“नाहीये ना. म्हणूनच.” तो जरा चाचरला. “यान बांधायला शंभर वर्षं लागतील, जायला चारशे. कुठलंही सरकार एवढं टिकत नाही. लोकांना ते आपलं वाटलं तरच टिकेल. घरातल्या गोष्टीसारखं. आजीनं सांगितलेली गोष्ट आपण लहान भावाला सांगतो, तेव्हा कुणी आदेश काढतो का? आत्या म्हणते, आधी ते दिवस माणसांच्या ओळखीचे होऊ देत. लोखंडाचं मागून बघू.”

एवढं लांब वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असावा. त्याला धाप लागली होती.

शिडी घड्याळ बघत होती. बटणला भूक लागली होती. भोंगा मात्र त्या धापेकडे बघत राहिली.

“तुला सगळे ग्रहण म्हणतात, माहितीये?” ती म्हणाली.

“तुला भोंगा म्हणतात, ते माहितीये.”

“कुणी सांगितलं?”

“घुमट गोल आहे. शेवटच्या रांगेत कुजबुजलं की भिंतीवरून फिरून थेट मशीनपाशी ऐकू येतं.” त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. “तुझा प्रश्न मला तुझ्याआधी कळला होता. उत्तर जुळवायला सहा मिनिटं मिळाली.”

“सहा मिनिटांत ते... ‘मुलगी लागेलच’?”

“ते जुळवलेलं नव्हतं,” तो म्हणाला, आणि वळून आत गेला.

त्या आठवड्यात तिचं दप्तर शिडीनं वाहिलं. भोंगा हलकी हलकी चालत होती, आणि ते दप्तरामुळे नव्हतं.

भोंग्याच्या घरचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे डोळे तपासायची अंधारी खोली, वर घर. बाबा डोळे तपासायचे, आई फ्रेम बसवायची आणि वाकड्या दांड्या गरम वाळूत धरून सरळ करायची. नवीन चष्मा लावला की बाबा गिऱ्हाइकाच्या हातात एक जुनं वर्तमानपत्र द्यायचे. “वाचून बघा, बारीक अक्षर दिसतंय का.” ते एकच पान गेली चार वर्षं हजारो लोकांनी वाचलं होतं. त्यावर कुठल्याशा पुलाचं उद्घाटन होतं, आणि तो पूल एव्हाना पडूनही झाला होता.

“दुसऱ्यांच्या नाकांवर चष्मे बसवत जन्म नाही काढायचा मला,” भोंगा येताजाता ऐकवायची. मोठ्या शहरातल्या कॉलेजचा फॉर्म तिनं भरून ठेवला होता. तिथे मावशीकडे राहायचं ठरलं होतं. आई काही बोलायची नाही, फक्त वाळूतली दांडी गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवायची.

पुढच्या रविवारी ती एकटीच तारांगणात गेली. दारावर कागद डकवलेला होता. महिनाअखेरीस तारांगण बंद. इमारत फर्निचरच्या शोरूमला दिली आहे.

ग्रहण पायरीवर बसला होता. त्याच्या मांडीवर पहिली वही होती. ती भिजलेल्या पावासारखी फुगली होती.

“तीन वर्षांत नऊशे माणसांनी लिहिलं,” तो म्हणाला. “म्हणजे वर्षाला तीनशे. हिशेब केलाय मी. या वेगानं सगळ्या वह्या भरायला चारशे शहाऐंशी वर्षं लागतील. यान आज निघालं तरी आधी पोचेल.”

ती हसली. त्याला हसू येत नाहीये हे बघून थांबली.

“आणि हे बघ.” त्यानं पहिली वही उघडली. “पहिल्या दिवसावर चारशे लोक. निरोप, फुलं, रडारड. जास्तीची पानं चिकटवली, समासातसुद्धा लिहिलंय. शेवटच्या दिवसावर साडेतीनशे, नवीन सूर्य उगवला, कुणीतरी गुडघे टेकले. मधल्या वह्या कोऱ्या. आम्ही चूक केली. लोकांना दिवस निवडायला दिला. लोकांना पोचायचं असतं गं... जायचं नसतं.”

त्यातला तो ‘गं’ तिनं घरी नेला आणि दिवसभर जवळ ठेवला.

मात्र ती भोंगा होती, आणि तीन रविवार उरले होते. तिनं बसस्टँडवर टेबल मांडलं. शाळेत प्रार्थनेनंतरची पाच मिनिटं बाईंकडून भांडून मिळवली. लाँड्रीत, दवाखान्याबाहेरच्या बाकावर, जिथे जिथे माणसं नुसती बसून असतात तिथे वही घेऊन ती गेली. ग्रहण मागे टेबल धरून उभा राहायचा. त्याचं बोलणं लोकांच्या डोक्यावरून जायचं आणि तिचं कानठळ्या बसवायचं, पण दोघांचं मिळून बरं जमायचं.

“शेवटचा दिवस आहे का शिल्लक?” बसस्टँडवर एका काकूंनी विचारलं.

“शेवटच्यात दाटी झालीये, काकू. एकोणसत्तर हजार चारशे बारावा देऊ? मस्त मोकळा आहे.”

“त्या दिवशी काय असतं?”

“तेच तर तुम्ही सांगायचं.”

काकूंनी विचार केला. “मग राहू दे,” म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

शाळेतल्या मुलांनी लिहिलं, पण काय लिहिलं... ‘आज यानात गणिताचे सर बेशुद्ध पडले.’ असं एकूण बावीस वेळा. दवाखान्याबाहेर एका आजोबांनी वही उलटी धरली, परत दिली आणि म्हणाले, “पोरी, माझ्या उद्याचा भरवसा नाही, मी दोनशे वर्षांनंतरचं काय लिहू?” ते चिडून बोलले नव्हते. म्हणूनच ते जास्त लागलं.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी त्यांनी मोजलं. एकतीस नोंदी. त्यातल्या बावीस गणिताच्या सरांच्या.

“तू लिहिलास का एखादा?” तिनं विचारलं. लाँड्रीच्या छपराखाली दोघं पाऊस थांबायची वाट बघत उभे होते. आतून गरम इस्त्रीचा वास येत होता.

“एक लिहिलाय.”

“कुठला?”

“आहे एक. मधला.” तो रस्त्यावरच्या डबक्यांकडे बघत राहिला. “तू?”

“मला अजून सुचला नाही. मला मधलं काही आवडत नाही. मधलं बोट, मधली सुट्टी, सिनेमातलं मध्यंतर... सगळं नुसतं खोळंबून ठेवतं.”

“मधली सुट्टी कुणाला आवडत नाही?”

“डबा विसरलेल्यांना.”

तो हसला. असा हसला की ती पुढचं बोलायचं विसरली. पाऊस थांबला, आणि दोघांनाही तो थांबल्याचं बराच वेळ लक्षात आलं नाही.

“बुधवारी निघतोय आम्ही,” तो म्हणाला. “दुपारच्या गाडीनं. आत्या आणि मी, शहरात बाबांकडे.”

त्याच शहरात तिचं कॉलेज होतं. त्याच शहरात मावशी होती. हे तिनं त्याला ताडकन सांगायला हवं होतं. एवढा मोठा आवाज कमावला होता तो कशासाठी? पण त्याच्या खांद्यावर वहीचं ओझं होतं, तोंडावर हरल्याचं, आणि तिच्या आनंदाला त्यात पाय ठेवायला जागा सापडेना.

बुधवारी तिनं शाळा बुडवली. तारांगणातल्या खुर्च्या उचलून नेल्या होत्या, फक्त शेवटची रांग उरली होती. मशीन सुटं करून पेटाऱ्यात ठेवायचं काम चालू होतं. घुमट नुसताच पांढरा आणि डागाळलेला दिसत होता. त्याच्यावर कधी आकाश पडलं असेल, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. ती शेवटच्या रांगेत तिच्या नेहमीच्या सीटवर बसली. समोर दूर, पाठमोरा ग्रहण स्क्रू काढत होता.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली. अगदी ओठांतल्या ओठांत, स्वतःला, समोरच्या रिकाम्या जागेला.

स्क्रू फिरवणारा हात थांबला.

घुमट गोल आहे हे तिला तेव्हा आठवलं. तो वळेल, काहीतरी बोलेल... ती थांबली. बादलीही आता नव्हती. त्यामुळे थेंब सरळ फरशीवर पडत होता, आणि त्याला आवाजच नव्हता.

तो वळला नाही. हात पुन्हा फिरू लागला, आधीपेक्षा हळू.

बाहेरच्या खोलीत एकशे सेहेचाळीस वह्या सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या. दाराशी रद्दीवाल्याचा तीनचाकी टेम्पो उभा होता.

“हे कुणी ठरवलं?” तिनं विचारलं.

“मी,” मागून ग्रहण आला. “आत्याला बघवत नाहीये, ती पुढे गेली स्टेशनवर. एवढ्या वह्या शहरात कुठे ठेवणार? दोन खोल्या आहेत.”

“म्हणून रद्दीत?”

“आणि काय करू, तूच सांग. कुणालाही नकोय हे. तू गळा बसेपर्यंत ओरडलीस, कोण आलं? ते कागद आहेत गं. नऊशे माणसांनी पाऊस थांबेपर्यंतचा वेळ घालवला, एवढंच.”

“मीही पाऊस थांबेपर्यंतच आत आले होते,” ती म्हणाली.

त्याचे कान लाल झाले नाहीत, उलट पांढरे पडले. “मेसेज करशील?” एवढंच त्यानं विचारलं.

“उत्तर यायला किती वर्षं लागतील?”

“गाडीत रेंज असेल तर लगेच. पण बोगदे आहेत.”

तो पिशवी घेऊन गेला. रस्त्याच्या वळणावर त्यानं एकदा मागे बघितलं. तिनं हात वर केला, तोवर मध्ये बस आली. बस गेली तेव्हा वळण रिकामं होतं.

रद्दीवाल्या काकांनी वह्या टेम्पोत रचल्या. ती बिनबोभाट मागे चढून गठ्ठ्यावर बसली.

“अगं, कुठे?”

“काका, वजनानं जे होईल ते मी देते. आधी चष्म्याच्या दुकानावरून घ्या.”

काकांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गाडी वळवली.

टेम्पो खड्ड्यांतून उडत होता. तिच्या गुडघ्याशी सुतळीत अडकलेल्या वहीवर त्र्याहत्तर आकडा होता. मधला, तो म्हणाला होता. एक लाख सेहेचाळीस हजारांच्या बरोबर मधोमध काय येतं, हे गणिताच्या सरांना बेशुद्ध न पाडताही तिला कळलं. तिनं वही ओढून काढली. कोरी पानं, कोरी पानं... आणि अगदी शेवटच्या पानावर, शेवटच्या चौकोनात, त्याचं बारीक तिरकं अक्षर. तारीख त्या पहिल्या रविवारची.

‘दिवस ७३,०००. मागचा सूर्य आता ताऱ्याएवढा झालाय, पुढचा अजून ताऱ्याएवढाच आहे. आज इथे जे आहेत त्यांनी निघताना कुणाला पाहिलं नाही आणि पोचताना कुणाला पाहणार नाहीत. यानावर आज काही झालं नाही. फक्त एका मुलीनं मोठ्या आवाजात एक प्रश्न विचारला. मला वाटतं, इथवर यायला तेवढं पुरे होतं.’

तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

मग तिनं चौऱ्याहत्तरावी वही उघडली आणि हलत्या टेम्पोत, वेड्यावाकड्या अक्षरात, पहिल्याच चौकोनात लिहिलं. ‘दिवस ७३,००१. मुलीला उत्तर मिळालं. तिचं उत्तर हो असं आहे. तिच्या आवाजाला तिथपर्यंत जायला वेळ लागेल. तोवर तिनं मधलं सांभाळायचं ठरवलंय.’ त्याचा फोटो काढून तिनं त्याला पाठवला. पडद्यावर एकच बारीक खूण उमटली, पाठवल्याची. पोचल्याची दुसरी खूण येईना. बोगदा असेल. किंवा नुसताच लांबचा रस्ता.

दुकानात बाबा एका मावशींना नवीन चष्मा देत होते. मावशी पुलाचं उद्घाटन वाचत होत्या. आई काउंटरमागे वाळूत दांडी धरून उभी होती. भोंगा रस्त्यावरून गठ्ठे आत आणू लागली. एक, दोन, सात... बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“हे काय गं? शाळा?”

ती काउंटरपाशी आली. तिनं मावशींच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं, त्यांच्यापुढे एक वही उघडून ठेवली आणि वर पेन ठेवला.

“बारीक अक्षर दिसतंय का बघा,” ती म्हणाली. “आणि खालच्या रिकाम्या चौकोनात चार ओळी लिहून बघा, लिहिताना नीट दिसतंय का. दिवस निवडायला मिळणार नाही. पुढचा जो असेल तो तुमचा.”

मावशींनी बिचकत पेन उचलला. “कशाबद्दल लिहू?”

“तुमच्या आजच्या दिवसाबद्दल. फक्त खूप लांब जाताना.”

आईची दांडी जळायला आली होती. तिनं ती बाहेर काढली. “आता नीट सांगशील का, काय चाललंय?”

भोंग्यानं श्वास घेतला. तिचा आवाज निघाला तो मोठा नव्हता. घुमटाखाली शेवटच्या रांगेतून निघतो तेवढाच होता.

“आई, बाबा, मी शहरात जात नाही. तो फॉर्म फाडते मी. चष्म्याचं इथल्याच कॉलेजात शिकते आणि दुकान मी बघते. वर्षाचे तीनशे दिवस दुकान आणि दिवसाला दहा गिऱ्हाइकं धरली, तर या वह्या भरायला अठ्ठेचाळीस वर्षं लागतील.”

“अठ्ठेचाळीस?” बाबा म्हणाले.

“हो. यान बांधायचं पुढचं कोणीतरी बघेल. माझ्या वाटचे दिवस एवढेच आहेत.”

मावशींच्या पेनची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. भोंग्यानं फोन काउंटरवर उलटा ठेवला आणि दुसरा गठ्ठा आणायला बाहेर गेली.